लेक झोपलाय

शिंपीणबाईच्या दुकानात दोन घड्याळं होती. एक गावातलं, दुसरं परदेशातल्या लेकाचं. "तुझी दुपार म्हणजे माझी मध्यरात्र, तेव्हा फोन करू नकोस," असं त्यानं बजावल्यावर तिनं ते तसं लावून घेतलं होतं. खरं तर तिला फुरसत दुपारीच मिळे. तरी ती मन मारून बसे. गिऱ्हाईक मोठ्यानं बोललं, की "हळू गं, लेक झोपलाय," म्हणे. बायका हसत, पण आवाज खाली आणत.

एका दुपारी मोठी जाऊ ब्लाउज न्यायला आली. तिचा मुलगा नुकताच शिंपीणबाईच्या लेकाच्याच शहरात, त्याच्याच कचेरीत लागला होता. "बघ, जेवतोय माझा सोन्या," म्हणत तिनं फोनचा पडदा पुढे धरला. तिकडे खिडकीत लख्ख ऊन होतं. पुतण्याच्या शेजारी खाली मान घालून शिंपीणबाईचा लेकही जेवत होता.

"अगंबाई, तुझा झोपेतच जेवतो वाटतं!" जाऊ म्हणाली.

जाऊ गेल्यागेल्या तिनं फोन लावला. लेकानं जांभई दिली. "आई, मध्यरात्र आहे गं इकडे!" मागे ताटल्या वाजत होत्या.

"झोप हो राजा," ती म्हणाली.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक चप्पल न वाजवता आत आलं आणि कुजबुजलं, "झोपलाय ना?"

"हो," ती मशीन सुरू करत म्हणाली, "तू बोल मोठ्यानं."