बासरी लावलेली फिल्म

आमच्या शहराला परदेशात मिरवायचं काम मी करते. हसू नका, खरंच तेच काम आहे. शहराच्या कचेरीत एक छोटा विभाग आहे, तिथे मी कंत्राटावर. बाहेरदेशच्या खरेदीदारांना बोलवायचं, विमानतळावरून आणायचं, कापड दाखवायचं, हिरे दाखवायचे, पोटभर जेवायला घालायचं आणि परत गेले की ईमेल पाठवून पाठवून त्यांचं डोकं खायचं. सकाळी गुजराती, दुपारी इंग्रजी, चिडले की हिंदी. संध्याकाळी अहिराणी, कारण माझी माय दुसरं काही कानावर घेतच नाही.

माहेर लिंबायतला. सासर पलसाण्याकडे, पण कचेरीतून निघाल्यावर मायच्या हातचा चहा घेतल्याशिवाय माझा दिवस संपत नाही. बा लिंबायतमध्येच एका कापडाच्या कारखान्यात लूम चालवतात. धुळ्याकडून आले तेव्हापासून तेच. त्या खटखटाटात कानाशी तोंड नेऊन बोंबललं तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं आवाज काढतच नाहीत, नुसते ओठ हलवतात. समोरचा ओठ वाचतो, हसतो, शिवी देतो, सगळं बिनआवाजाचं. पुढे बांचे कानच गेले, तेव्हा आम्ही घरातही तसंच बोलू लागलो. माय शाळेत कधी गेली नाही, पण ओठ वाचण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. चुलीपाशी पाठमोरी बसलेली असली तरी मान वळवून अख्खी गोष्ट उचलते.

गेलं वर्षभर घरात एकच घोर होता. शेठ जुने लूम भंगारात काढून शहराबाहेरच्या सचिन वसाहतीत नवीन मशिनं टाकणार, हे पक्कं झालं होतं. नवीन मशिनला माणसं थोडी लागतात, आणि तीही जवान. बांना ठेवतील का? काम सुटलं तर गावी जायचं, हे बांनी आधीच ठरवून टाकलं होतं. गावात भाऊबंदांच्या शेजारी त्यांची एक बंद खोली आहे. मायला मात्र गावाचं नाव काढलं तरी धस्स होतं. "तिथं मला कोण ओळखतं आता? तिथं मी पाहुणी," ती म्हणायची. तिच्या मैत्रिणी इथल्या, भाजीवाली इथली, भांडायला शेजारीण इथली. बा तिला रोज सांगायचे, "शेठ बोलला, मला सचिनला संगती नेणार." एवढ्यावर ती निर्धास्त झोपायची.

मग आमच्या साहेबांना फिल्मची हुक्की आली. परदेशी पाहुण्यांपुढे शहराचा 'काल' आणि 'आज' ठेवायचा. 'आज' सोपा होता. पूल, काचेच्या इमारती, चकचकीत मशिनं. 'काल' कुठे मिळणार? मी म्हटलं, माझ्या बांच्या कारखान्यात, चला की! मला काय मिरवावंसं वाटलं त्या दिवशी. कॅमेरेवाल्याला तर बांच्या पांढऱ्या मिशा बघून आनंदाचं भरतंच आलं. मी दारात उभी राहून गल्लीतली गर्दी थोपवत होते, त्यामुळे आत काय चाललंय ते मला दिसलं नाही. एवढं ऐकलं, की लूम सुरू करण्याआधी कॅमेरेवाला बांच्या तोंडासमोर येऊन ओरडला, "चाचा, रोज जैसा करते हो वैसाच करो. आवाज नहीं ले रहे हैं."

बांनी ते शब्दशः घेतलं. आवाज घेत नाहीत, म्हणजे बोललेलं काही घेत नाहीत. लूमवाल्याच्या हिशेबात बोलणं फक्त समोरच्यासाठी असतं, नंतर त्यातलं काही उरत नाही. समोर त्यांचा जुना जोडीदार होता. कॅमेरा होता जोडीदाराच्या खांद्यामागे, थेट बांच्या ओठांवर.

फिल्मची पुढची कापाकापी माझ्याकडे नव्हती. एका बैठकीत तेवढं कळलं, की लूमचा आवाज काढून त्या जागी बासरी लावणार. मी तोंड उघडलंच. "साहेब, थोडा तरी ठेवा. आवाजाशिवाय लूम कसला?" साहेब म्हणाले, "बेन, पाहुण्यांचे कान फाडायचेत का आपल्याला?" आजही वाटतं, शहर जगापुढे स्वतःला ठेवतं तेव्हा आधी काय काढून टाकतं, ते बघावं. आमच्या शहराने खटखट काढली. त्या खटखटीवर माझं शिक्षण झालं, माझ्या लग्नातलं पातळ आलं. पण खरेदीदाराला कापड विकायचं असतं, कान नव्हे, हेही खरं आहे. साहेब काही वाईट माणूस नाही.

फिल्म मी पहिल्यांदा पाहिली ती पाहुण्यांसोबतच, मोठ्या थंडगार हॉलमध्ये. दिवे गेले, बासरी सुरू झाली आणि भिंतीएवढ्या पडद्यावर माझे बा. काय सुंदर दिसत होते! मी शेजारच्या बाईला सांगणारच होते की हे माझे वडील, तेवढ्यात बांचे ओठ हलले.

"आखाजीलगून काम शे, मंग नही. घर कोणले सांगजो नको."

आखाजीपर्यंत काम आहे, मग नाही. घरी कोणाला सांगू नको.

एवढं बोलून बा हसले. त्या हसण्यावर फिल्म पुढे सरकली, पूल आला, काचा आल्या. आखाजी चार दिवसांवर आली होती. आखाजी म्हणजे आमच्यात लेकीबाळींचा सण. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, सांजोऱ्या होतात. माझा सण कडू होऊ नये म्हणून हा माणूस गिळून बसला होता.

दिवे लागले, टाळ्या झाल्या. एका पाहुणीने कौतुकाने विचारलं, ते मिशांवाले गृहस्थ काय म्हणत होते? मी काही बोलायच्या आत साहेबांनी अगदी मनापासून सांगून टाकलं, "ते तुमचं स्वागत करताहेत." ती बाई खूश झाली. माझ्या डोक्यात सणक गेली, पण रागवायचं कोणावर? सांगायची बारी माझी होती, आणि मी त्या बाईला चहाकडे घेऊन गेले.

त्याच संध्याकाळी कचेरीने फिल्म सगळ्यांच्या फोनवर पाठवली आणि वर हुकूम सोडला, जास्तीत जास्त लोकांना पाठवा. बाई गं! आमच्या गल्लीत घराघरात लूमवाले. दुनियेला बासरी ऐकू जाईल, गल्लीला बा ऐकू येतील. मायला हे शेजारणीकडून कळू द्यायचं नव्हतं. मी रिक्षा केली आणि सुटले.

माय सांजोऱ्यांसाठी रवा भाजत बसली होती. मी बांना खुणेने ओट्यावर बोलावलं, तर माय आतूनच कडाडली, "काय खुणा चालल्यात? इथं बोला." आणि बांना फिल्मचीच घाई. फोन माझ्या हातातून हिसकावलाच त्यांनी. "लाव, लाव. मिशी दिसते ना?" मी म्हटलं, "बा, आधी ऐका माझं." त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलंसुद्धा नाही.

फिल्म लागली. माय रवा उतरवून त्यांच्या खांद्याशी येऊन उभी राहिली. बा स्वतःला बघून आधी लाजले, मग त्यांचे पडद्यावरचे ओठ हलले आणि त्यांचा चेहरा उतरला. फोन पालथा घालायला गेले, तर मायने मनगट धरलं. "पुन्हा लाव," ती मला म्हणाली. मी लावली. ती वाकून, डोळे बारीक करून बघत राहिली. मला रडू आवरेना.

"हे कुठं दाखवलं?" मायने विचारलं.

"मोठ्या हॉलमध्ये. बाहेरदेशच्या लोकांना."

ती बांच्या समोर येऊन बसली, त्यांना ओठ नीट दिसतील अशी. मला वाटलं आता गावावरून रडारड होणार. गावाचं नावही तिने काढलं नाही.

"गोरासले सांगं तुम्ही," ती म्हणाली, "अन माले नही?"

गोऱ्यांना सांगितलंत तुम्ही, आणि मला नाही?

बा खाली बघत पुटपुटले, "त्यांना कुठं कळलं?"

"मला कळलं असतं," माय म्हणाली.