मागच्या सीटची ट्रायल

मित्रांनो, आज माझ्या गाडीले मागची सीट लागली!

लग्नाआधी हौसेनं घेतलेली ही स्पोर्ट्स बाईक, एकाच माणसाची. बायको, रेखा, उमरखेडले नर्स आहे अन् मी घाटंजीले. सुट्टीत ती आली की आम्ही बाबांची स्कूटर मागून फिरतो. लग्नाले दोन वर्षं झाली, पण माझ्या गाडीवर ती एकदाही बसली नाही.

परवा आरटीओची मंजुरी आली. आज यवतमाळचे मेकॅनिक सलीमभाई यांनी मागची फ्रेम बदलून सीट अन् फूटरेस्ट लावले. मंग सोताच मागं बसले. "चल चौकापर्यंत. वहिनीले झटके बसतात का पाहू."

तिथूनच रेखाले फोन लावला. "गाडी झाली. शनिवारी स्टँडवर घ्यायले येतो."

ती म्हणाली, "या वेळी सुट्टी नाही भेटली हो. पुढच्या आठवड्यातही ड्युटीच आहे."

मंग तिनंच विचारलं, "सीट लय उंच आहे का? साडीवर बसता येईन? धरायचं कशाले?" मी एकेक सांगत गेलो. ती विचारतच राह्यली.

यवतमाळहून घाटंजीपर्यंत मागं कोणीच नव्हतं, तरी प्रत्येक स्पीड ब्रेकरवर मी गाडी एकदम हळू केली. नोकरीपायी दोन गावी राहणाऱ्यांनो, तुमचंही असंच होते का?