आडव्या बाटलीचा सराव

दारूचा थेंबही न घेता मी आमच्या गावात एक अख्खा दिवस दारुड्या म्हणून काढला आहे.

धानाच्या पट्ट्यातल्या गोरेगावजवळच्या आमच्या गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून माझी बायको शोभा वर्षभर दारोदार फिरून सह्या गोळा करत होती. अखेर मतदान ठरलं. फक्त बायकांचं! चिठ्ठीवर दोन बाटल्यांची चित्रं. उभीवर शिक्का म्हणजे दुकान राहणार, आडवीवर म्हणजे जाणार. मात्र आडवीला गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं हवीत. मी राईस मिलमध्ये हिशेबाचं काम करतो, त्यामुळे मेख लगेच कळली. जी बाई घरी बसेल, तिचं मत उभ्या बाटलीलाच गेल्यासारखं!

"आणि आलेल्या बाईनं चुकून उभीवर शिक्का मारला तर?" मी शोभाला म्हणालो.

"काऊन मारन? आंधळ्या आहेत का बाया?"

"तरी सराव हवा."

सरावाला रिकाम्या बाटल्या हव्यात. (चित्र काढून भागलं असतं, हे मला आत्ता सुचतंय.) गावातल्या दुकानातून घेणं तत्त्वात बसेना, म्हणून मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी मी मोटरसायकलनं सडक अर्जुनीकडचा एक धाबा गाठला.

"भाईसाब, खाली क्यों ले जा रहे हो?" धाबेवाल्यानं कळवळून विचारलं. "भरी हुई दूँ?"

दोन पुरल्या असत्या. पण एखादी फुटली तर? मी सहा घेतल्या, पोत्यात भरल्या आणि मागच्या सीटला बांधल्या.

गावात शिरलो तर हातपंपावर बायकांची गर्दी. नेमका तिथेच खड्डा! पोत्याचं तोंड सुटलं आणि बाटल्या एकामागून एक रस्त्यावर. एक तर घरंगळत थेट सुमनबाईंच्या पाण्यानं भरलेल्या गुंडाला जाऊन टेकली. सुमनबाई म्हणजे शोभाचा उजवा हात.

"भाऊजी, हे काय वो?"

"सरावासाठी आहेत!" मी घाईघाईनं म्हणालो.

याहून वाईट उत्तर मला आजतागायत सुचलेलं नाही.

दुपारपर्यंत सहाच्या साठ झाल्या. दुकान राहावं म्हणणारी माणसं खुशीत आली. "बायको बंद कराले निंगाली, आन् नवरा पोत्यानं पिऊन राहिला!" बायका आपसांत बोलू लागल्या, "शोभाच्याच घरी असं, तर आपण कायले जाचं मत द्याले?"

शोभा रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खाटेवर बसून राहिली.

"सालभर फिरली मी," ती हळूच म्हणाली. "उद्या बाया नाई आल्या तर?"

मला राहवेना. घरोघरी जाऊन खुलासा करायचा ठरवला आणि पुरावा म्हणून बाटल्या सोबत घेतल्या. झालं! दोन घरं होत नाहीत तोच नवी बातमी पसरली, "मताच्या आदल्या रोजी बाटल्या वाटून राहिला!"

शोभा धावत आली तेव्हा मी सुमनबाईंच्या अंगणात होतो. भोवती बायका जमलेल्या. मी घाम पुसत एक बाटली उभी ठेवली, दुसरी आडवी केली. "हे पाहा, ही उभी. आणि ही आडवी..."

सुमनबाई बघतच राहिल्या. मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आडवी बाटली कशी दिसते, हे तुमी आमाले शिकवून राहिले, भाऊजी? बाटली आन् तिचा मालक, दोनी रोजच आडवे पाहतो आमी!"

बायका हसता हसता खाली बसल्या. शोभाही हसली आणि हसता हसताच रडली. हसू ओसरल्यावर सुमनबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"रडतं काऊन वो? येतो ना आमी. तुयासाठी नाई, आपल्यासाठी येतो."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेरपर्यंत रांग होती. कोणाच्या कडेवर लेकरू, कोणी थेट बांधावरून आलेली. माझ्या म्हाताऱ्या आईला मी मोटरसायकलवरून आणलं. हात धरून आत निघालो, तर पोलिसानं मला फाटकावरच अडवलं. आई एकटीच गेली, कोणाला काही न विचारता.

संध्याकाळी निकाल लागला. आडवी बाटली जिंकली! गुलालानं माखलेली शोभा ओळखू येईना. आईनं कौतुकानं तिच्याकडे पाहिलं, मग माझं कोरं बोट धरून वळवून वळवून तपासलं.

"काऊन रे, तू नाई टाकलं मत?"

"माय, मले मत नव्हतं. फक्त बायाईले होतं."

आईनं माझं बोट सोडून दिलं.

"मंग दोन दिवस तू कायले मधात मधात करून राहिला होता गा?"