उरलेल्या बांधावर

गेल्या आषाढ अमावास्येच्या उधाणात पेणच्या खाडीचा बांध फुटला आणि एका माणसाचं भातशेत कायमचं खारं झालं. त्याचं नाव मला माहीत नाही. एका कॅरिबियन बेटावरच्या हॉटेलात तो स्वयंपाकी होता. सुट्टीला तिथली तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, बघत फिरायचा. गावी परतल्यावर मला भेटला तेव्हा उरलेल्या बांधावर टाच दाबत, बांध आतून पोखरणारी खेकड्यांची बिळं शोधत होता.

“काका, बांध तर गेला. आता कशाला?”

“सवय हाय. बेटावरबी दाबायचो, लोक हसायचे.” मग म्हणाला, “तिथं तिवर तोडू देत नाय. हितं खाडीत मातीचा भराव टाकायला तोडायची म्हनले, तर ग्रामसभेत समद्या गावानं हात वर करून व्हय म्हनलं. मीबी बेटावरनं फोनवर व्हय म्हनलो. लाटा अडवायला तिवरंच नाय, मग बांध कशानं टिकंल?”

त्याची टाच पुन्हा चिखलात रुतली.

तुमच्याही ग्रामसभेत भरावाचा ठराव येणारच आहे. तेव्हा हात खाली ठेवा.