बीमवाले नाना

“आधीचा बीम कुठंय? आधीचा! तो परत आण, मग नवा माग!”

नाना ओरडत होते आणि समोर डिझाइन खात्याचा जिग्नेशभाई, कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखा, मान खाली घालून उभा होता. जिग्नेशभाईने उभ्या आयुष्यात बीम पाहिला नव्हता. त्याला हवा होता सर्व्हर. नानांचा आवाज म्हणजे असा, की आमच्या सुरतेतल्या ऑफिसात ते ओरडले आणि तिकडे चलथाणच्या साखर कारखान्यात पाळी सुटली समजून लोक डबे घेऊन बाहेर पडले. मी पाहिलं नाही, पण मी सांगतोय म्हणजे झालं असणार.

“नाना, शांति राखो ने,” जिग्नेशभाई म्हणाला. “पेलुं मशीन हजी काममां छे.”

“कामात? काय करस ते? नुस्तं झोपस!” नाना चिडले की गुजराती, हिंदी, मराठी सगळं गळून पडायचं आणि आतली अहिराणी बाहेर यायची.

नाना मूळचे शिरपूरकडचे. आमच्या शेठच्या जुन्या लूमखात्यात ते बीम द्यायच्या कामावर होते. ताण्याचं सूत गुंडाळलेला माणूसभर लांबीचा रूळ म्हणजे बीम. तिथला नियम साधा होता: रिकामा बीम आणून टाका, भरलेला घेऊन जा. पुढे शेठने लूम विकून पलसाण्याला कापड रंगवायचं प्रोसेस हाउस काढलं, ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि पहिल्याच दिवशी बंद पडला. मुंबईहून तज्ज्ञ बोलवायचं ठरत होतं. नानांनी मागे हात घालून प्लग घट्ट बसवला. त्या एका प्लगवर ते सर्व्हर रूममध्ये आले आणि तिथेच राहिले. मोठाली पुस्तकं त्यांनी तोंडपाठ केली. नानांना इंग्रजी येत नाही, हे त्या पुस्तकांना शेवटपर्यंत कळलं नाही.

मी परभणीकडून नवा इंजिनियर म्हणून आलो, तेव्हा त्यांनी माझी परीक्षा घेतली. “व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय, सांग.” मी कॉलेजातलं सगळं ओकलो. नानांनी ते डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “आता खरं ऐक. आमच्या कोसाडला एक शेड आहे. आत पत्र्याचे आडोसे मारून वीस बिऱ्हाडं राहतात. प्रत्येकाला वाटतं घर आपलं. छप्पर मात्र एकच. शेड म्हणजे मोठा सर्व्हर, बिऱ्हाडं म्हणजे ही मशीनं. संपलं.” चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचा असा एका दमात अंत्यविधी मी पुन्हा पाहिला नाही.

ऑफिसात कोणालाही सर्व्हर लागला, की नानांसमोरच्या डगमगत्या स्टुलावर येऊन बसायचं. काय करणार? किती दिवस? परत कधी देणार? आधीचा कुठाय? या चार प्रश्नांतून जो सुटला, त्याला तीन दिवसांनी मशीन मिळे. त्या स्टुलावर लग्नं ठरली, मोडली, एकाचे तर केस पिकले. पण एक गोष्ट होती. नानांनी कोणाचंही मशीन न विचारता कधी पुसलं नाही. जिना चढून त्या माणसाकडे जायचे आणि विचारायचे, “आत कोणी आहे की रिकामं?” मी म्हणायचो, फोन करा की. ते म्हणायचे, “बिऱ्हाड हलवायचं तर कडी वाजवावी लागते भो.”

मग शेठ कुठल्याशा प्रदर्शनातून परत आले आणि त्यांनी मला आणि नानांना समोर बसवून सांगितलं, “वेबसाइट पर बटण दबाओ, दस मिनिट में मशीन. पोर्टल बनाओ.” पुढचं नानांकडे न बघताच सांगितलं. पोर्टल महिनाभर नानांशिवाय चाललं, की सर्व्हर रूममधली खुर्ची बंद. नानांनी पलसाण्याला रंगाच्या ड्रमांच्या स्टोअरमध्ये बसायचं.

मला वाटलं, नाना आता मला सर्व्हर रूमचं दारही उघडणार नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच माझ्या आधी येऊन बसले होते. “लिही,” म्हणाले. डिझाइनवाल्याला मेमरी किती, हिशोबवाल्याला डिस्क किती, कोणतं मशीन कोणत्या नेटवर्कवर, नाव कसं द्यायचं, सगळं डोक्यातून काढून माझ्यापुढे टाकलं. मी त्याच्या स्क्रिप्ट केल्या. दोन महिन्यांत नानांचं अर्धं डोकं माझ्या पोर्टलमध्ये बसलं. फक्त एका ठिकाणी ते अडले. फॉर्मवर एक रकाना हवाच: परत कधी देणार. आणि आधीचं परत आल्याशिवाय नवं द्यायचं नाही.

जिग्नेशभाई तडक शेठकडे गेला. “फॉर्म ज भरवानो होय, तो नानामां शुं खोटुं हतुं?” फॉर्मच भरायचा तर नाना काय वाईट होते, असं त्याचं म्हणणं. शेठ म्हणाले, रकाना काढ. मी काढला. कोणी हात धरला नव्हता माझा, मीच काढला.

पोर्टल सुरू झालं आणि सुरतेत अशी पैदास झाली, की खाडीतल्या डासांनीही लाजावं. ज्याला गरज होती त्याने चार मशीनं बनवली, ज्याला नव्हती त्याने सहा. रिसेप्शनवरच्या बाईंनी एक बनवलं. का, असं विचारलं तर म्हणाल्या, “दहा मिनिटांत येतं म्हणे, बघितलं येतं का.” नावं बघाल तर ‘टेस्ट’, ‘टेस्ट दोन’, ‘फायनल टेस्ट’, ‘खरं फायनल’. रोज संध्याकाळी नाना मला एवढंच विचारत.

“आज किती दिली?”

“बारा.”

“परत किती आली?”

“एकही नाही.”

“बरं.”

महिना भरायला चार दिवस राहिले होते. सकाळी अकरा वाजता डिस्क गच्च भरली आणि सगळी मशीनं जागच्या जागी थिजली. त्यात पलसाण्याला रंगाची रेसिपी पाठवणारं मशीनही होतं. तिथल्या डाइंग मास्टरचा फोन आला. त्याच्या आवाजाला हुंदका फुटायचाच बाकी होता. “साहेब, साड्यांचा मरून कलरचा माल अर्ध्या रंगात उभा आहे. तासाभरात सुरू नाही झालं तर डाग धरेल. सगळा लॉट जाईल.”

माझ्यापुढे स्क्रीनवर तीनशे मशीनं होती आणि त्यांतलं कोणतं रिकामं आणि कोणतं कोणाच्या पोटापाण्याचं, हे माझ्या पोर्टलला ठाऊक नव्हतं. मी नानांकडे पाहिलं. नाना खुर्चीत बसले होते, आणि ती खुर्ची वाचवायला त्यांना त्या दिवशी काहीएक करायची गरज नव्हती. शेठने दुपारपर्यंत पोर्टल माझ्यासकट खिडकीबाहेर फेकलं असतं.

नाना उठले. “लॅपटॉप घे. मी विचारतो, तू पुस.”

पाच मजले. लिफ्टची वाट कोण बघणार! पुढे नाना, मागे मी, हातात उघडा लॅपटॉप. प्रत्येक दारात नाना गरजत, “रिकामे बीम काढा बाहेर! कोणाचे किती?” एसीत बसलेली माणसं शाळेतल्यासारखी हात वर करायला लागली. “नाना, माझे दोन.” “नाना, माझं एक, पण त्यात फोटो आहेत.” “फोटो काढून घे, मी थांबतो,” आणि एका पायावर थांबले. रिसेप्शनच्या बाई म्हणाल्या, “नाना, माझंही एक आहे हो.” जिग्नेशभाईची अकरा निघाली. नानांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मी सांगतो, त्या नजरेने मरून रंगही पांढरा झाला असता. सदतीस मिनिटांत दोनशेवर मशीनं पुसली, त्यातलं एकही न विचारता नाही. पलसाण्याहून फोन आला: कापड रंगवायचा जेट फिरायला लागला.

मी जिन्यातच बसकण मारली. नाना धापा टाकत म्हणाले, “बसू नको. शेठ घाबरलेला आहे तोवर तो रकाना टाकून घे.” मी टाकला. शेठने तो वाचलाही नाही, नुसती मान हलवली.

महिना नव्याने मोजायला घेतला. या वेळी पोर्टल असं चाललं, की मलाच त्याचा राग यायला लागला. मशीनं जायची, तारखेला परत यायची. जिग्नेशभाई एक परत करून एक मागू लागला. महिन्याभरात स्टुलावर कोणी बसलं नाही. नानांची बदली झाली.

शेवटच्या दिवशी नाना त्यांचे स्क्रूड्रायव्हर जुन्या टॉवेलात गुंडाळत होते. पोर्टल बनवणारा मी, बढती मला, आणि ओरडायची पाळीही माझीच आली. “नाना, त्या दिवशी तुम्ही एक तास नुसते बसून राहिला असतात ना, तर पोर्टल तिथेच मेलं असतं! खुर्ची तुमचीच राहिली असती! उठलात कशाला?”

नानांनी टॉवेलाला गाठ मारली.

“माल ओला पडला होता पलसाण्याला.”