एकाच डावाचे पाच विजय

कॉम्प्युटर अजून टेबलभर जागा अडवायचे, तेव्हाची गोष्ट. बुद्धिबळ मंडळाने ठरवलं, चॅम्पियनशी एक प्रोग्राम खेळवायचा. प्रोग्राम आले दोन. एक कॉलेजातल्या गणिताच्या बाईंचा, दुसरा घड्याळवाल्यांच्या भाच्याचा. आणि पंच होते स्वतः घड्याळवाले.

बोट दाखवायला जागा नको म्हणून नियम त्यांनीच लिहिले. आधी दोन्ही प्रोग्राम एकमेकांशी खेळणार, जिंकेल तो चॅम्पियनसमोर. पाच रविवार, दहा डाव. यंत्रं सारखी, रंग आलटून पालटून. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी खोलीत पाऊल टाकायचं नाही. खेळ्या टाइप करायला बसवलं मंडळाच्या ग्रंथपालांना, ज्यांना घोडा आणि उंट सारखेच. घड्याळवाले पटावर सोंगट्या हलवत आणि पेन्सिलीने डाव लिहून घेत.

भाच्याचा प्रोग्राम पांढऱ्याने जिंके, काळ्याने बरोबरी साधे. भाच्याची आई, म्हणजे घड्याळवाल्यांची ताई, तर फोनवरून सगळ्या नातेवाइकांना आमंत्रणं देऊन मोकळी झाली.

चौथ्या रविवारी पेन्सिल यंत्राच्या आधीच पुढची खेळी लिहून गेली. घड्याळवाले चपापले. घरी जाऊन त्यांनी सगळे कागद जेवणाच्या टेबलावर मांडले. प्रत्येक रविवारी तेच दोन डाव, प्याद्याचाही फरक नाही! माणूस हरला की पुढच्या वेळी वेगळं खेळतो. या बिचाऱ्या यंत्रांना मागचा रविवार आठवत नव्हता. नियम लिहिताना घड्याळवाल्यांच्या डोळ्यांपुढे फक्त माणसं होती.

हे त्यांच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. आणखी एक रविवार गप्प बसले असते, तर भाचा चॅम्पियनसमोर होता. दोन दिवस त्यांना जेवण गोड लागेना. तिसऱ्या दिवशी ते ताईकडे गेले.

"मामा, तोच डाव पुन्हा जिंकायचा नाही, असं नियमात कुठे आहे?" भाचा म्हणाला.

"नाही. ती चूक माझी."

"मग तुमच्या चुकीची शिक्षा मला?"

"पाच वेळा लिहिला तरी एक डाव पाच होत नाही रे."

ताई उसळली, "लोकांचे मामा पोरांना खांद्यावर घेतात. आमचे मामा खांद्यावरून खाली ओढतात!"

घड्याळवाले तिथून सरळ मंडळात गेले.

मंडळापुढे त्यांनी चूक कबूल केली. नव्याने दहा डाव झाले. या वेळी सुरुवातीच्या चार खेळ्या चिठ्ठी काढून ठरवल्या, आणि प्रत्येक सुरुवात दोन्ही प्रोग्रामांना एकदा पांढऱ्याने, एकदा काळ्याने दिली. भाचा एका गुणाने हरला. चॅम्पियनसमोर बाईंचा प्रोग्राम बसला आणि तासाभरात चीत झाला. घड्याळवाले भिंतीशी उभे राहून बघत होते. शेजारची ताईची खुर्ची रिकामी होती.

आठ महिने भाचा दुकानाकडे फिरकला नाही. मग एका दुपारी आला. गल्ल्यावर प्रोग्रामच्या कागदांचा गठ्ठा ठेवून म्हणाला, "आता हा मागचे डाव लक्षात ठेवतो. हरलेली वाट पुन्हा धरत नाही."

"पण आता चॅम्पियन कुठून आणू रे मी?"

"चॅम्पियन कोणाला हवाय! तुम्ही लिहून घ्या. दोन डाव सारखे निघाले तर सांगा."

घड्याळवाल्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. समोरचं घड्याळ उघडंच राहिलं. पेन्सिल खिशात टाकून आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी भर दुपारी दुकानाचं शटर ओढलं.