उजवा दिवा

दसऱ्याच्या सकाळी आमच्या पार्किंगमध्ये सावंतकाकांच्या गाडीची पूजा चालली होती. बॉनेटवर स्वस्तिक, झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. माझं लक्ष मात्र उजव्या हेडलाइटकडे. गेल्याच आठवड्यात तिन्हीसांजेला समोरून एकच दिवा आला, म्हणून मोटारसायकल समजून मी स्कूटर तेवढीच बाजूला घेतली, आणि काकांची ही गाडी माझ्या कोपराला घासून गेली.

"काका, बल्ब बदलला नाहीत अजून?"

"डावा आहे ना चालू! एवढं काय त्यात?"

माझं डोकंच फिरलं. बॉनेट उघडायचं, मागची रबरी टोपी काढायची, जुन्या बल्बवरचा नंबर वाचून तसाच आणून बसवायचा. चहा उकळेपर्यंत होणारं काम! दिवा काही फक्त आपल्याला रस्ता दिसावा म्हणून नसतो. आपण केवढे आहोत ते समोरच्याला कळावं म्हणूनही असतो. पण गाडीला दृष्ट लागली नाही म्हणजे झालं, समोरचा मरेना का!

एवढ्यात वाऱ्याने काकूंच्या तबकातलं एक निरांजन विझलं. काका केवढ्याने ओरडले, "अगं थांब! एका निरांजनाने ओवाळतात का कधी?"

आणि काडेपेटी आणायला तीन मजले धावत गेले.